बुजलेली विवरे

एकदा एक दगड घाटातल्या कड्यावरून सुटला. पावसाळा सरून दोन महिने झाले होते. आकाश निरभ्र होते, वारा पडलेला होता. दरड कोसळावी असे कोणतेही कारण त्या सकाळी नव्हते. तरीही दगड सुटला, आणि नेमक्या त्याच क्षणी खालच्या वळणावरून जनार्दन नावाचा एक तरुण मोटारसायकलवरून घरी परतत होता. घाटापलीकडच्या डेअरीत दूध घालून तो रोज याच वाटेने येत असे. मागच्या बाजूला दुधाच्या रिकाम्या किटल्या बांधलेल्या होत्या. लोक धावत पोहोचले तेव्हा किटल्या जशाच्या तशा होत्या. जनार्दन मात्र राहिला नव्हता.

घाटाच्या पायथ्याच्या गावात त्याचे घर होते. घरात वडील, आई सगुणा आणि थोरला भाऊ दिगंबर. दिगंबर तालुक्याच्या कॉलेजातून पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झालेला. थोरल्याने शिकावे, म्हशींकडे आपण पाहू, असे धाकट्यानेच एके काळी ठरवून टाकले होते आणि त्याबद्दल त्याने कधी कुरकुर केली नव्हती.

जनार्दन गेला आणि घरातल्या दोन वडीलधाऱ्या माणसांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या.

वडील ओसरीवर बसले ते बसलेच. मुलाचे जाकीट मांडीवर घेऊन ते समोरच्या रस्त्याकडे पाहत राहत. येणारा-जाणारा त्यांच्याजवळ टेकायचा, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून रडायचा. त्यांची दाढी वाढली, डोळे खोल गेले. महिना लोटला तरी त्यांच्याकडे पाहिले की वाटे, ही गोष्ट आत्ता, थोड्या वेळापूर्वी घडली आहे.

आई मात्र राख सावडून झाल्यावर दुसऱ्याच पहाटे गोठ्यात गेली. म्हशी ओरडत होत्या, त्यांच्या कासा तटतटल्या होत्या. तिने धारा काढल्या, शेजाऱ्याच्या टेम्पोत किटल्या चढवल्या आणि स्वतः पुढे बसून त्याच घाटातून डेअरीत दूध घालून आली. तेराव्याच्या पंगतीत कोणाला आमटी हवी, कोणाचा भात संपला, हे पाहत ती फिरत होती. म्हाताऱ्या पाहुण्यांच्या पानात तिने भात मऊ करून कालवला. तेव्हा एका कोपऱ्यात दोन बायका हळू आवाजात बोलल्या, "काळीज दगडाचं हाय बाईचं."

दिगंबरने ते ऐकले. प्रथम त्याला त्या बायकांचा राग आला. पण शब्द कानात राहिला, आणि मग तो आईकडे त्या शब्दातूनच पाहू लागला. ती भाकरी थापताना त्याला दिसे, ती पेंडीचा भाव विचारताना त्याला ऐकू येई, आणि प्रत्येक वेळी मनात येई, हिला काहीच कसे होत नाही?

संक्रांतीच्या दिवशी शेजारची लहान मुलगी तिळगूळ घ्यायला आली. आई तेव्हा म्हैस धूत होती. मुलगी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "आज्जी, तू हिला रोज धुतीस, मग ही काळीच कशी?"

आई हसली. थोडेसेच, पण आवाज करून हसली.

दिगंबर दारातच उभा होता. तो म्हणाला, "आई, तुझा मुलगा मेलाय. ठाऊक आहे ना तुला?"

आईने वळून त्याच्याकडे पाहिले. पदराच्या गाठीतला तिळगूळ तिने मुलीच्या हातावर ठेवला, बादली उचलली आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी दिगंबरने घर सोडले.

त्या घाटापासून दूर, एका उघड्या पठारावर एक वृद्ध आचार्य राहत असत. आयुष्यभर त्यांनी ग्रहांचा अभ्यास केला होता. निवृत्तीनंतर त्यांनी तिथे एक छोटी अभ्यासिका उभारली होती. एक दुर्बीण, पुस्तकांची दोन कपाटे, थोडे संगणक आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे विद्यार्थी. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्याविषयी दिगंबरने कॉलेजात ऐकले होते. तो तिथे पोहोचला तेव्हा गुरुजी व्हरांड्यात उन्हाला बसले होते.

"काय शिकायचंय तुला?" त्यांनी विचारले.

"दगड कोणावर पडतो, ते."

गुरुजींनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिले. "तुझ्या कोणावर पडला?"

"धाकट्या भावावर."

गुरुजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ते म्हणाले, "राहा इथं. मात्र एक आधीच सांगतो. दगड कोणावर पडतो हे मला ठाऊक नाही. किती वेळा पडतो, एवढंच आम्ही मोजतो."

दिगंबर राहिला. सुरुवातीच्याच एका रात्री त्याने ओसरीवरच्या वडिलांची आणि पंगतीत वाढणाऱ्या आईची सगळी हकिकत गुरुजींना सांगितली. गुरुजींनी त्याच्यापुढे अवकाशयानांनी काढलेली चित्रे ठेवली. बुध, शुक्र, मंगळ आणि आपला चंद्र. प्रत्येक चित्रावर लहानमोठी विवरे पसरलेली होती, आणि प्रत्येक विवर म्हणजे कधीतरी आकाशातून आलेला एक धोंडा. ती मोजायची, त्यांचा व्यास टिपायचा, कोणते जुने, कोणते त्यावर नंतर पडलेले, हे ओळखायचे, एवढेच काम होते. पण ते काम त्याला सोसवत होते. मोजत असताना दुसरे काही मनात येत नसे.

हळूहळू त्याला आघातांचे गणित कळू लागले. सूर्याची ओढ बुधाजवळ फार मोठी, म्हणून तिथे येणारा धोंडा भयंकर वेगाने आदळतो. मंगळ लघुग्रहांच्या पट्ट्याचा शेजारी, शिवाय त्याच्यावरची हवा विरळ, म्हणून तिथे सारखे काही ना काही पडत असते. गेल्या चित्रात जिथे नुसती लाल माती होती, तिथे नव्या चित्रात एक काळपट डाग उमटलेला दिसतो. असा एक डाग दिगंबरला स्वतःला सापडला. त्या दिवशी तो जेवायला उठला नाही. मधल्या काळात एका अज्ञात क्षणी तिथे काहीतरी येऊन आदळले होते, आणि त्याच्या आदल्या क्षणापर्यंत ती जमीन अगदी शांत होती.

शुक्राची गोष्ट निराळी. त्याच्याभोवती हवेचा एवढा दाट थर आहे की लहान दगड जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. ते वरच मोडून जातात. फार मोठा असेल तोच खाली येतो. म्हणून शुक्रावर लहान विवरे दिसत नाहीत.

दर रविवारी आईचा फोन येई. फोनमधला तिचा आवाज व्हरांडाभर ऐकू जाई.

"जेवलास का रं?"

"हो."

"थंडी हाय का तिकडं?"

"आहे."

मग ती घरचे सांगू लागे. कधी सांगे, म्हैस व्यायली, रेडी झाली. कधी सांगे, पुढच्या दारची फळी बदलली. दिगंबर हुंकार देई आणि फोन ठेवी. एकदा तिने एस.टी.बरोबर लोणकढे तूप पाठवले. त्याने ते न उघडताच स्वयंपाकघरात नेऊन दिले. त्याला वाटे, हिच्याजवळ बोलायला एवढेच आहे. ज्या घरातून मुलगा गेला त्या घरातली आई फोनवर फळीबद्दल बोलते.

असे करता करता वर्ष होत आले. एका रविवारी फोनवर आईने जेवणाचे, थंडीचे विचारले. मग म्हणाली, "दिगू, जनूचं वर्षश्राद्ध हाय ह्या आठवड्यात. येशील नव्हं?"

दिगंबर व्हरांड्यात उभा होता. तो म्हणाला, "बाबांना भेटावंसं वाटतं मला. पण पुन्हा तुला पंगतीत वाढताना पाहवणार नाही."

मग आई म्हणाली, "बरं. तिकडं जप." आणि फोन बंद झाला.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गुरुजी पुस्तक वाचत बसले होते. त्यांनी हे बोलणे ऐकले. दिगंबर आत गेल्यावरही त्यांनी बराच वेळ पान उलटले नाही.

दुसऱ्या दिवशी आसपासच्या शाळांचे शिक्षक अभ्यासिका पाहायला येणार होते. त्यांच्यासाठी विद्यार्थ्यांनी भिंतीवरच्या मोठ्या फळ्यावर एक तक्ता काढला होता. बुध, शुक्र, पृथ्वी, चंद्र, मंगळ. प्रत्येकासमोर, केवढा धोंडा साधारण किती काळाने येऊन आदळतो याचे अंदाज. पृथ्वीची ओळ सर्वांत लांब होती. बैलगाडीएवढा धोंडा वर्षा-दोन वर्षांतून एखादा येतो आणि बहुधा हवेतच जळतो. घराएवढा कित्येक वर्षांतून एकदा. गावाएवढा काही लाख वर्षांतून. हा तक्ता मुख्यतः दिगंबरच्या मेहनतीचा होता, आणि गुरुजींनी त्यातला एकेक आकडा त्याच्याकडून पुन्हा पुन्हा तपासून घेतला होता.

सकाळी विद्यार्थी जमले असताना गुरुजी आत आले. त्यांच्या हातात ओले फडके होते. कोणाला काही न सांगता ते फळ्यापुढे गेले आणि पृथ्वीची सगळी ओळ त्यांनी पुसून टाकली. मग खडू घेऊन त्या रिकाम्या जागी त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले, 'एकही आघात नाही.'

विद्यार्थी एकमेकांकडे पाहू लागले. दशांश चिन्ह सरकले तरी रात्रीचे जेवण थांबवून दुरुस्ती करायला लावणारा हा माणूस. त्याने आपल्या हाताने हे का केले, कोणालाच कळेना.

"गुरुजी, हे काय लिहिलंत?" दिगंबरने विचारले.

"खरं तेच लिहिलं."

"पृथ्वीवर आघात होत नाहीत?"

"मला दाखव बरं. पृथ्वीवर विवरं किती आहेत?"

"माहीत असलेली दोनशेच्या आसपास."

"आणि चंद्रावर?"

"मोजून संपणार नाहीत."

"मग झालं तर," गुरुजी शांतपणे म्हणाले. "ज्याच्या अंगावर खूण नाही, त्याला लागलेलंच नाही. खडू ठेव, पुढचं काम करू."

दिगंबरच्या इतक्या महिन्यांच्या कामावर ते फडके फिरले होते. त्याचा आवाज नकळत चढला. "असं कसं म्हणता गुरुजी? पृथ्वी चंद्रापेक्षा मोठी, तिची ओढ मोठी. चंद्रावर जेवढे धोंडे पडले त्याच्या कितीतरी पट तिच्यावर पडले. पण तिच्यावर पाऊस पडतो, नद्या गाळ आणतात, वारा माती आणून टाकतो. जमीन आतून सरकते. निम्म्याहून जास्त अंगावर तर समुद्रच आहे. विवर पडतं, पण ते बुजतं, वर गवत येतं, लोक तिथं शेती करतात. चंद्रावर हवा नाही, पाणी नाही. तिथला अब्जावधी वर्षांपूर्वीचा घाव काल झाल्यासारखा दिसतो. म्हणून काय त्यालाच जास्त लागलं? खूण दिसत नाही याचा अर्थ लागलं नाही असा होत नाही. हे तुम्हीच शिकवलंत मला."

बोलता बोलता तो थांबला.

गुरुजींनी फडके घडी करून टेबलावर ठेवले. बाकीच्या विद्यार्थ्यांना त्यांनी खुणेनेच बाहेर जायला सांगितले. मग ते बाकावर बसले आणि समोरच्या जागेकडे बोट करून दिगंबरलाही बसायला सांगितले.

"आता जे बोललास ते तू आकाशाबद्दल बोललास," ते म्हणाले. "काल व्हरांड्यात तुझ्या आईशी बोललास तेव्हा हे ज्ञान कुठं गेलं होतं?"

दिगंबरने मान खाली घातली.

"तुझ्या वडिलांबद्दल माझं काही म्हणणं नाही. चंद्र खोटं बोलत नाही. त्याच्याकडे घाव झाकायला काही नाही, एवढंच. त्यांचं दुःख खरंच आहे आणि ते दिसतं, म्हणून लोक त्यांच्याजवळ बसतात. तुझ्या आईजवळ कोण बसलं? तिच्यावर किती पडलं हे तू तिच्या चेहऱ्यावरून मोजलंस. लांबून चित्र पाहून मोजायची तुला सवय लागली आहे, आणि ती सवय मीच लावली. पण पृथ्वीवरचा आघात वरून दिसत नाही बाळ. त्यासाठी त्या जागी जावं लागतं, वाकावं लागतं, खणून खालचा खडक हातात घ्यावा लागतो."

ते पुढे म्हणाले, "आणि ती दर रविवारी बोलते ते मलाही ऐकू येतं. जेवलास का, थंडी आहे का. लहान लहान शब्द आहेत. स्वतःभोवती तू एवढा दाट थर करून ठेवला आहेस की त्यातला एकही तुझ्यापर्यंत पोहोचत नाही. तू कसली वाट पाहतोयस? तिनं हंबरडा फोडावा याची?"

दिगंबरच्या डोळ्यांत पाणी आले. वर्षभरात प्रथमच. तो म्हणाला, "गुरुजी, पण दगड जनूवरच का पडला? त्या रस्त्यानं दिवसभर एवढी माणसं जातात."

गुरुजी बोलले तेव्हा त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा वाटला, शिक्षकाचा वाटला नाही.

"मला माहीत नाही. तू आलास त्या दिवशीही माहीत नव्हतं. इतक्या काळात इतके पडतील, एवढं सांगता येतं. त्यातला कोणता कोणाच्या वाट्याला जाईल हे कोणालाच ठाऊक नसतं, त्या दगडालाही नसतं. हे सोसायला फार कठीण आहे. म्हणून माणूस काय करतो, उत्तर सापडलं नाही की दोष द्यायला कोणीतरी शोधतो. तुला तुझी आई सापडली. ती सगळ्यात जवळ होती, आणि उलटून बोलणार नाही हे तुला माहीत होतं."

त्या दुपारी शिक्षक येण्यापूर्वी दिगंबरने पृथ्वीची ओळ फळ्यावर पुन्हा लिहिली. खडू दोनदा मोडला. शिक्षकांपुढे त्याने तक्ता समजावून सांगितला आणि मग गुरुजींच्या पाया पडून तो निघाला. मुक्काम करत, गाड्या बदलत तो घाटमाथ्याच्या गावात आला, आणि श्राद्धाच्या दिवशी सकाळी तिथून सुटणाऱ्या पहिल्या एस.टी.त बसला.

गाडी घाट उतरू लागली. ते वळण जवळ आले तसा त्याने डोळे मिटून घेतले. पण वळणाच्या अलीकडेच गाडी थांबली. मागच्या बाकावरच्या एका प्रवाशाने विचारले, "काय झालं हो, दरड हाय का?"

वाहक म्हणाला, "न्हाई. बाई हाय ती. वरनं बारकं दगड येत्यात रस्त्यावर, ते उचलून टाकती. पोरगं गेलं तिचं हितं. रोज असती. होऊ द्या तिचं, एक मिनिट लागंल."

दिगंबरने डोळे उघडले आणि खिडकीतून पाहिले. त्याची आई रस्त्याच्या मध्यभागी वाकली होती. एकेक दगड उचलून ती कडेला नेऊन ठेवत होती. एक जरा मोठा होता, तो तिने दोन्ही हातांनी लोटत नेला. कडेला अशा दगडांचा गुडघाभर उंचीचा बांध झाला होता आणि तो वळणभर पसरला होता. मग ती बाजूला झाली आणि गाडी जाऊ द्या म्हणून तिने हात केला.

दिगंबर खाली उतरला. गाडी निघून गेली.

आईने त्याला पाहिले. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसले नाही. "आलास व्हय," ती म्हणाली. जणू तो बाजारातूनच परतला होता.

तो वाकला आणि तिच्याबरोबर दगड उचलू लागला. दोघांनी मिळून तेवढा रस्ता साफ केला. दगड संपले तशी आई त्या बांधावर बसली, तिने पदर तोंडावर घेतला आणि ती रडू लागली. तो आवाज दिगंबरने कधी ऐकला नव्हता. खोल विहिरीतून कोणीतरी हाक मारावी तसा तो होता. दिगंबर तिच्याजवळ उभा राहिला. तिच्या पाठीवर हात ठेवावा असे त्याला वाटले, पण आपल्याला तो हक्क आहे का, हे त्याला ठरवता आले नाही.

थोड्या वेळाने तिने तोंड पुसले आणि ती उठली. "चल. तुझं बाबा उठलं असतील. च्या द्यायचाय त्यांना."

"आई, तू रोज इथं येतेस?"

"डेअरीत दूध घालून येताना टेम्पो सोडती, चालत येती. तेवढंच दगड उचलून होत्यात. दुसऱ्याचं लेकरू जातंय ह्या रस्त्यानं."

"आणि रडतेस ते?"

ती पुढे चालू लागली होती. मागे न वळता म्हणाली, "घरात कुठं रडू? तिथं त्यांचं चाललेलं असतं. दोघंबी बसलो असतो तर म्हशींकडं कुणी बघायचं?"

घरी वडील ओसरीवर होते. जाकीट मांडीवर होते, आता त्याचा रंग उडाला होता. दिगंबरला पाहून त्यांनी त्याचा हात धरला आणि सोडला नाही. दुपारी श्राद्धाची पंगत बसली. आई वाढत होती. गेल्या वर्षी दिगंबरने तिचे वाढणे पाहिले होते, या वेळी त्याने तिचे हात पाहिले. बोटांची कातडी दगडांनी सोलून सोलून जाड झाली होती. भाताचे पातेले उचलताना तिचा उजवा खांदा वर होत नव्हता. तो पानावरून उठला, तिच्या हातातले पातेले त्याने घेतले आणि पुढची पंगत त्याने वाढली.

पाहुणे गेले. ऊन कलले. ओसरीवर बाप-लेक दोघेच राहिले. बराच वेळ वडील रस्त्याकडे पाहत होते. मग ते बोलले. त्यांचा आवाज वापर नसल्यासारखा खरखरीत झाला होता.

"दिगू, तिला बसून रडायला मी जागाच ठेवली न्हाई. मी बसलो, म्हणून तिला उभं ऱ्हावं लागलं. मला दिसत होतं समदं. उठवत नव्हतं."

दिगंबरने त्यांचा हात दाबला.

"आणि एक सांगतो," वडील म्हणाले. "तू गेलास नव्हं, तवापासनं ती हसली न्हाई. ती शेजारची पोर रोज येती. काय काय बोलती, मलाबी हसू येतं एखाद येळी. ही नुसती बघती तिच्याकडं. हसू आलं तरी तोंड फिरवती."

आपल्या आईवर एक दगड पडला आणि तिला तो लागला नाही, असे दिगंबर वर्षभर धरून चालला होता. तिच्यावर दोन पडले होते. दुसरा कोणत्या कड्यावरून सुटला हे कोणालाही विचारायची गरज नव्हती. तो कोणी टाकला, कधी टाकला, कोणावर नेम धरून टाकला, सगळे त्याला ठाऊक होते.

तो उठून गोठ्यात गेला. आई धार काढत होती. कासंडीत दुधाचा आवाज लयीत चालू होता. तो तिच्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, "आई, संक्रांतीच्या दिवशी मी तुला बोललो होतो. जनूवरून."

दुधाचा आवाज थांबला. अगदी थोडा वेळ. म्हशीने मान वळवून पाहिले. मग धार पुन्हा सुरू झाली.

"काय बोलला हुतास?" आई म्हणाली. "मला न्हाई बा आठवत."

दिगंबर तिच्याशेजारी खाली, शेणामातीच्या जमिनीवर बसला. विसरलो म्हणणाऱ्याला पुन्हा विचारू नये, एवढे त्याला कळले. आणि तो पृथ्वीचा अभ्यास करणारा होता, म्हणून ती विसरली आहे असेही त्याने मानले नाही. धार काढून होईपर्यंत तो तिथेच बसला.